प्लास्टरच्या आतला खडा

मी गणपती बनवतो. म्हणजे साच्यातून काढतो, घासतो, रंगवतो. लिहिणं हे माझं काम नाही. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. पण परवा आमच्या गल्लीतल्या एका ताईंना मणक्याचा टीबी निघाला. त्यांचे मिस्टर कारखान्यावर आले आणि म्हणाले, "तुम्ही यातून उठलात ना, तिला जरा चार शब्द सांगा." गेलो. खुर्चीवर बसलो, चहा प्यालो, आणि तोंडातून एक शब्द निघेना. ताई आडव्या पडून माझ्याकडं बघत होत्या, मी कपाकडं. शेवटी "होतं बरं" एवढंच म्हणून उठून आलो.

म्हणून आता लिहितोय. औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टर सांगतील. माझं कसं झालं तेवढंच सांगतो.

*

माझं गाव यवतमाळकडचं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मडकी. मडक्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा एका ओळखीच्या माणसाबरोबर मी नाशिकला आलो आणि पंचवटीच्या बाजूला एका मूर्तीच्या कारखान्यात लागलो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. माझं नाव गजानन, त्यामुळं पहिल्याच दिवसापासून चेष्टा. माझ्या जोडीला सुनील होता, चांदवडकडचा. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हा आमचा गज्या. स्वतःच स्वतःला साच्यातून काढतो."

पाठ दुखायला लागली तेव्हा मला काही वाटलं नाही. आमच्या धंद्यात पाठ दुखतेच. दिवसभर उकिडवं बसून घासायचं, मोठी मूर्ती दोघांनी उचलायची. मलम चोळायचं आणि झोपायचं. मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. तोही अंगावर काढला. घरापासून लांब राहणारा माणूस आजारी पडायला घाबरतो. पडलो तर बघणार कोण, म्हणून तो आजाराला ओळखच दाखवत नाही.

एक दिवस मी कारखान्यातून बाहेर निघालो आणि मागून सुन्या ओरडला, "ये गज्या, चप्पल राहिली ना तुझी!"

खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल चार पावलं मागं पडलेली. उन्हाळ्याचे दिवस, फरशी तापलेली, आणि माझ्या तळव्याला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "दोन मणके खाल्लेत."

मी विचारलं, "कुणी?"

"टीबीनं."

"पण मला तर खोकला नाही साहेब."

"हाडाचाही होतो."

मला आठवतं ते एवढंच की त्या फोटोत माझ्या पाठीचं हाड खडूसारखं दिसत होतं. एक खडू मधेच झिजलेला. आणि मी घाबरायच्या आधी कारागिरासारखा विचार केला, की इथं भरणी करता येईल. मग घाबरलो. ते जे घाबरलो ते कितीतरी महिने.

पायाचं काय, म्हणून विचारलं. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "औषध चालू करू. अंगाला प्लास्टरचं जाकीट घालू. हलायचं नाही. उजवीकडं कमरेखाली बधिर झालंय, तिथं स्पर्श परत यायला लागला तर समजायचं की नस सुटतेय. नाही आला तर मुंबईला पाठवून ऑपरेशन. त्यातही पाय येईलच असं मी आज सांगणार नाही."

म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं होतं. उजव्या बाजूला कधी ना कधी काहीतरी कळायला पाहिजे.

*

प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या छातीपासून ढुंगणापर्यंत गुंडाळल्या, आणि थोड्या वेळात ते तापायला लागलं. मला ती ऊब ओळखीची. साच्यात प्लास्टर ओतलं की आम्ही वरून तळहात ठेवून बसतो. आधी गार लागतं, मग कोमट, मग चांगलं गरम, आणि निवलं की समजायचं झालं घट्ट. इतकी वर्षं मी बाहेरून हात ठेवला होता. त्या दिवशी मी साच्याच्या आत होतो.

त्या उबेतली एक गोष्ट माझ्या मनात बसून राहिली. डावीकडं ऊब कळली. उजवीकडं खाली नाही कळली. प्लास्टर तापत होतं आणि मी नाही. त्यात जिवंत कोण होतं?

माय आली. गावातल्या दुकानात फोन करून निरोप दिला होता, ती गाड्या बदलत एकटी आली. पिशवी खाली ठेवून आधी जाकिटावर हात फिरवला, मग माझ्या तोंडावर. मग हळू आवाजात म्हणाली, "गावात म्या पाठीत लचक भरली असं सांगतलं. तुह्या बहिणीचं जुळून रायलं. टीबीचं नाव नको काढजो कोनापाशी."

मला राग आला. एवढ्या लांब येऊन हे बोलायचं? दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. ती मात्र माझं सगळं करायची. पुसायची, भरवायची, भांडं द्यायची. चोवीस वर्षांचा माणूस, आईच्या हातून भांडं घ्यायचं. ताई, तुमचंही हे चालू असेल. लाज दोन आठवडे वाटते. मग लाज दमते.

*

शेजारच्या खाटेवर बर्वे सर होते. कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेले. घसरून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला दोरीनं वजन बांधलेलं. पडताना चष्माही फुटला होता. मुलगा बाहेरगावी, नवीन चष्मा त्याच्या येण्यावर अडलेला. उशाला मात्र एक पुस्तक.

एक दिवस म्हणाले, "गजानन, वाचता येतं ना?"

"सातवीपर्यंत."

"पुरे. ही कादंबरी आठवीतल्या माणसालाही कळत नाही. वाच मोठ्यानं."

मी पाठीवर पडून पुस्तक तोंडावर धरून वाचायचो. हात भरून यायचे. जोडाक्षर आलं की गाडी अडायची, सर तिकडून ढकलून द्यायचे. कादंबरी अशी होती: एक कारकून न्हाव्याकडं केस कापायला बसतो. खाली पडलेले केस बघतो आणि त्याच्या मनात येतं, हे मघाशी मी होतो, आता कचरा आहे. नेमकं कुठल्या क्षणी मी संपलो आणि कचरा सुरू झाला? बस्स. पुढं सगळं पुस्तक तेच. नखं कापतो, दात पडतो, घाम येतो, आणि प्रत्येक वेळी तो बघत बसतो की यातला मी कुठला. गोष्ट म्हणावी तर काही घडतच नाही.

मी विचारलं, "सर, हे असलं कोण लिहितं? आणि कशाला?"

सर खूश झाले. त्यांना विद्यार्थी मिळाला होता. म्हणाले, "आधीच्या कादंबऱ्या वाचल्यास तू? नायिकेचं तोंड चंद्रासारखं, नायकाचं मन सागरासारखं. तीनशे पानांत कुणाला एकदा लघवीला लागत नाही. मग काही लेखक आले. त्यांनी शहरं बघितली, कारखाने बघितले, माणसं मालासारखी मोजली जाताना बघितली. ते म्हणाले, आत्मा वगैरे जरा बाजूला ठेवू. आपल्या हातात नक्की काय आहे? हे शरीर. मग हे टेबलावर मांडू आणि डोळे न मिटता बघू."

"बघितलं. मग?"

"मग घाबरले," सर म्हणाले. "बहुतेक सगळे घाबरले."

तेवढ्यात गावित सिस्टर आल्या. सुरगाण्याकडच्या, ठेंगण्या, आवाज मात्र साऱ्या वॉर्डाला पुरणारा. "सर, बोलणं बास. भांडं पाहिजे का?"

"पाहिजे," सर म्हणाले, आणि माझ्याकडं बघून, "हे नवीन साहित्य."

*

पण मला ती कादंबरी झेपली नाही. डॉक्टर रोज राउंडला यायचे, उजव्या मांडीला, पोटरीला टाचणी लावायचे. "कळतंय?" मी छताकडं बघत नाही म्हणायचो. हो म्हणून टाकावंसं वाटायचं, त्यांना तरी बरं वाटेल म्हणून. आणि दुपारी पुस्तक उघडलं की तो कारकून आपला पडलेला दात हातात घेऊन बसलेला. एक दिवस मी पुस्तक पोटावर आपटलं. जाकिटावर ठक्‌ असा आवाज झाला.

"मला नाही वाचायचं. ह्याचं सगळं शाबूत आहे म्हणून ह्याला असले विचार सुचतात. माझा पाय इथंच आहे, माझाच आहे, आणि टाचणी लावली तर लाकडाला लावल्यासारखी. मी वस्तूच झालोय सर. मला कादंबरीत कशाला वाचायला पाहिजे?"

सरांनी मान दुसरीकडं वळवली. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "वस्तू म्हणजे वाईट, हे तुला कुणी सांगितलं?"

मी पोटावरचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं.

"तू जन्मभर वस्तूच हाताळतोस. प्लास्टर, काथ्या, रंग. गणपतीची सोंड तुटली तर तू काय करतोस? फेकून देतोस?"

"नाही. काथ्या भिजवून जोड देतो."

"का?"

"तुटलेलं नीट करायचं असतं म्हणून."

"मग स्वतःच्या पायाला तेवढा तरी मान दे," सर म्हणाले. "लाकूड म्हणून शिव्या नको देऊस. काम बंद आहे त्याचं सध्या. कारखाना मोडलेला नाही."

ताई, माझ्या आजारात मला मिळालेलं सगळ्यात मोठं औषध हे. त्या दिवसापासून मी सकाळी उजव्या मांडीवर हात ठेवायला लागलो. मांडीला हात कळायचा नाही, पण हाताला मांडी कळायची. कोमट असायची. एका बाजूनं का होईना, भेट व्हायची.

*

आता प्लास्टर तडकल्याची गोष्ट.

मला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. त्या सकाळी सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं अडकल्या होत्या आणि मला राहवेना, म्हणून मायनं एकटीनंच जोर लावला. कमरेपाशी कट्‌ असा आवाज झाला. जाकिटाला आडवी भेग.

माय पांढरीफटक. "आता मले हाकलून देतील रे इथून." बाईमाणसानं पुरुषांच्या वॉर्डात राहण्यावरून तशीही ओरड होती, सिस्टरांच्या भल्या मनावर ती राहिली होती. मी म्हणालो, "नाही सांगायचं. ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. सुन्याला बोलावून घेतो."

आता हे लिहिताना हसू येतं. हाड मोडलं तर माणूस डॉक्टरला बोलावतो. मी कारागिराला बोलावलं. आमच्यात भेग दिसली की तीच अक्कल चालते, भिजव, काथ्या घाल, भर, पुसून घे. भेगेच्या आत माणूस आहे हे डोक्यातच येत नाही.

भेटायच्या वेळी सुन्या जेवणाचा डबा घेऊन आला. वरच्या पुडात प्लास्टर, खालच्यात काथ्या. बर्वे सरांना पहाऱ्याला ठेवलं. कुणी येताना दिसलं की खोकायचं. चष्मा नव्हता, त्यामुळं ते जो जाईल त्याला खोकत होते.

सुन्यानं वाटीत प्लास्टर कालवलं, काथ्या बुडवला आणि भेगेत दाबला. त्याचा हात मोठा गोड. जोड दिसला नाही पाहिजे म्हणून तो पाण्याचं बोट फिरवत राहिला, पोटावर गोल गोल.

"सुन्या, बास. सोंड नको लावू."

"गप रे. लय दिवसांनी एवढा मोठा हातात आलाय. बेंबी काढू का?"

माय पदर तोंडाला लावून हसली. नाशिकला आल्यापासून पहिल्यांदा. मला एवढं बरं वाटलं की मी तिच्यावरचा राग तिथंच सोडला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक वाचत होतो. वाचता वाचता थांबलो.

"काय झालं? जोडाक्षर?" सर म्हणाले.

"नाही. काहीतरी टोचतंय."

"कुठं?"

"जाकिटाच्या आत. खाली." मुंगी असेल असं वाटलं. मग लक्षात आलं की काल भेग भरताना खडे आत पडले असणार. प्लास्टरचा बारीक खडा वाळला की काचेसारखा होतो.

"अरे पण कुठं? कुठल्या बाजूला?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. उजवीकडं. कमरेच्या हाडाच्या खाली, उजवीकडं.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. सरांना मी धूसरच दिसत असणार, पण ते बघत होते. मायनं विचारलं, "काय झालं रे?" मी तिच्याकडं बघितलं. सांगितलं तर जाकीट उघडणार, उघडलं की जोड दिसणार, आणि मग मायचं काय? त्यात मनात आलं, खरंच टोचतंय की मलाच भास होतोय? मी श्वास रोखला. पुन्हा टोचलं. बारीक, हट्टी, एकाच जागी. इतकं छान मला आयुष्यात काही टोचलं नव्हतं.

मी काही ठरवायच्या आतच सर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले, "सिस्टर! याला दुखतंय! याला दुखतंय हो!"

गावित सिस्टर धावत आल्या. "दुखतंय तर एवढं हसता कशाला?"

"उजवीकडं दुखतंय," मी म्हणालो, आणि मग मला रडू आलं.

डॉक्टर आले. करवतीनं जाकिटाला खिडकी पाडली. कातडीवर लाल ठिपका, आणि ठिपक्यावर चिकटलेला, तांदळाच्या कणीएवढा खडा. डॉक्टरांनी तो चिमट्यात धरला. मग मला डोळे मिटायला लावले आणि टाचणी घेतली. इथं? हो. इथं? हो. इथं? नाही. इथं? थोडं. मांडीच्या वरच्या भागापर्यंत स्पर्श आला होता. खाली अजून नव्हता. पण निघाला होता, वाटेला लागला होता.

मग डॉक्टरांचं लक्ष जोडाकडं गेलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं. "हे आमचं काम नाही. कुणी केलं?"

माय पुढं झाली. "माह्यानं तुटलं साहेब. याले काही म्हनू नका. मले काढा बाहेर."

डॉक्टर चिडले, आणि खरंच चिडले. "आई, तुटलं त्याचं काही नाही. लपवलंत त्याचं आहे. बधिर कातडीवर हा खडा राहिला असता, याला कळलंच नसतं, तर आतल्या आत जखम होऊन सडलं असतं. याचं नशीब की कळलं." मायला कुणी बाहेर काढलं नाही. जाताना दारातून डॉक्टर मागं वळले आणि माझ्या पोटाकडं बोट करून म्हणाले, "फिनिशिंग मात्र चांगलं आहे."

म्हणून ताई, जे कुणी आडवे आहेत त्यांना माझं एकच सांगणं. टोचलं, दुखलं, तडकलं, तर लगेच सांगा. लपवू नका. कुणाची नोकरी, कुणाचा मान, कुणाची ओरड, ते नंतर बघता येतं.

*

पुढचं हळूहळू झालं. मायनं गावी जाऊन बहिणीच्या सासरच्यांना स्वतःच सांगितलं की पोराला टीबी आहे आणि तो बरा होऊन राहिला. त्यांच्याकडंही एकाला होऊन गेला होता. लग्न झालं. मी आडवाच होतो, पण अक्षता वॉर्डातून टाकल्या. गावित सिस्टरांनी तांदूळ आणून दिले आणि मग पडलेले स्वतःच झाडले.

सर माझ्या आधी घरी गेले. पुस्तक माझ्याकडं ठेवून गेले. म्हणाले, "शेवट एकट्यानं वाच."

शेवटी तो कारकून परत न्हाव्याच्या खुर्चीत बसतो. वस्तरा लागतो, रक्त येतं. तो आरशात बघतो आणि विचार करत बसतो की हा लाल डाग मी आहे की नाही. न्हावी विचारतो, "लागलं का?" कारकून उत्तर देत नाही. पुस्तक संपतं.

जाकीट निघालं, पाय जमिनीवर टेकले, काठीनं चालायला लागलो, तेव्हा पुस्तक परत द्यायला सरांच्या घरी गेलो. तेही काठीवर. दोन काठ्या दाराशी भेटल्या. मी म्हणालो, "सर, सगळ्या पुस्तकात त्याला कामाचं असं एकच माणूस विचारतो. लागलं का. आणि हा गप्प बसतो."

सर म्हणाले, "तेवढ्या एका प्रश्नासाठी मी ही कादंबरी दरवर्षी शिकवली. मुलं शेवटच्या पानापर्यंत पोचायचीच नाहीत."

"त्यानं हो म्हणायला पाहिजे होतं."

"मग?"

"मग कळलं असतं ना त्याला, त्यातला तो कुठला ते."

 सर माझ्याकडं बघत चहा ओतत होते. थोडा माझ्या बोटावर सांडला. सर घाईघाईनं म्हणाले, "भाजलं का रे?"

"हो," मी म्हणालो. दोघांनाही हसू आलं.

*

आता मी त्याच कारखान्यात आहे. उचलायचं काम करत नाही, घासतो आणि रंगवतो. पाठीला थोडा बाक राहिला आहे. औषधं संपूनही बरीच वर्षं झाली.

कारखान्याची जमीन प्लास्टरच्या खड्यांनी भरलेली असते. चप्पल घालून काम करा असं शेठ सगळ्यांना सांगतात. मीही घालतो. पण सकाळी आल्यावर, कामाला बसायच्या आधी, मी उजव्या पायातली चप्पल काढतो आणि दारापासून माझ्या जागेपर्यंत तसाच जातो. रोज एखादा तरी खडा लागतो.

सुन्याला हे माहीत आहे. तो साच्यावर तळहात ठेवून बसलेला असतो. मान वर न करता विचारतो, "लागला का रे?"

"लागला," मी सांगतो, आणि कामाला बसतो.